दोन पंचांगं आणि एक बरणी

पतंग बघायला पासष्टाव्या वर्षी कोणी नाशिकहून बडोद्याला जात नाही, असं माझ्या शेजारणीचं मत होतं. "आपलं येवला काय वाईट आहे? दीड तासात पोचाल." पण माझा मामेभाऊ विलास दहा वर्षं बोलावत होता, दहा वर्षं मी काहीतरी कारण काढत होते, आणि या डिसेंबरात तो फोनवर जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "या वेळी येच, ताई." आवाज वेगळा होता हे मी आता म्हणते आहे. तेव्हा मी फक्त तिकीट काढलं. पस्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, एकटी राहते, कुंड्यांना पाणी घालायला शेजारीण आहेच. पाच दिवसांसाठी गेले ती एकोणीस दिवसांनी परतले. आता सगळे म्हणतात, प्रवासवर्णन लिही. लिहिते. राजवाडा आणि संग्रहालयाची वर्णनं ज्यांना हवी असतील त्यांनी दुसरीकडे वाचावीत, मी त्यातलं काही पाहिलं नाही.

कारेलीबाग

सापुताऱ्याचा घाट, सुरत वगैरे सोडून देते. संध्याकाळी बसमधून उतरले तर विलासची मुलगी मृणाल स्कूटर घेऊन उभी होती. स्कूटरच्या हँडलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारखी वाकवलेली सळई होती. ही कसली सजावट म्हणून विचारलं तर म्हणाली, "दोऱ्यासाठी, आत्या. मांजा आडवा आला की गळा कापतो ना." एवढं बोलून तिने स्वतःचा रुमाल माझ्या गळ्याला दोन वेढे देऊन बांधला आणि गाडी सुरू केली. वाटेत पाहिलं तर प्रत्येक दुचाकीवाल्याचा गळा असाच बांधलेला होता. सगळं शहर घसा बसल्यासारखं दिसत होतं.

विलासचे पणजोबा इथल्या फौजेत शिलेदार होते. घोडे गेले, फौज गेली, माणसं इथेच राहिली. विलासने शहराबाहेरच्या एका कारखान्यात जन्म काढला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. घर कारेलीबागेतल्या एका सोसायटीत, खाली तीन खोल्या, वर गच्ची. तिला ते धाबं म्हणतात. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत वाक्यागणिक एक गुजराती शब्द बिनभाड्याने राहतो. विलासची बायको उज्ज्वला दारातच म्हणाली, "बेसा ना, ताई. थाकला असाल. आधी चहा घ्या, पछी जमायला बसू." पछी म्हणजे मग, आणि जमणं म्हणजे जेवणं.

तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन कॅलेंडरं होती, एक मराठी आणि एक गुजराती. तिचा कुकर जुना झाला होता, शिट्टी होत नव्हती. नवा का घेत नाहीस विचारलं, तर म्हणाली की कमुर्ता चालू आहेत, संक्रांतीपर्यंत गुजरात्यांकडे नवं काही करत नाहीत. मग संक्रांतीनंतर घे म्हटलं, तर आपला पौष असतो.

"अगं, मग चांगला दिवस उरतो कधी तुमच्याकडे?"

"उरतात ना. शोधावे लागतात," ती गंभीरपणे म्हणाली.

मला गंमत वाटली. आपल्याकडे एकाच पंचांगाने माणसाचा जीव मेटाकुटीला येतो, इथे शंभर वर्षं दोन्ही समाजात राहून यांनी दोघांचेही वाईट दिवस उचलले होते. चांगले मात्र दोघांचे जुळले तरच. विलास हे ऐकत झोपाळ्यावर बसला होता, उजवा पाय लांब करून. हा माणूस जन्मभर घरात हाफ पँटवर वावरला, आता पायघोळ लेंगा घालून होता. वय झालं, थंडी वाजत असेल, असं मला वाटलं.

विश्वामित्रीच्या पुलावर

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासने मला मगरी दाखवायला नेलं. मला राजवाड्यापेक्षा मगरीच बघायच्या होत्या हे तो ओळखून होता. शहराच्या ऐन मधून ही नदी जाते आणि तिच्यात मगरी आहेत, पिंजऱ्यातल्या नव्हे, मोकळ्या. पुलावरून बस, रिक्षा, शाळेच्या व्हॅन चाललेल्या, आणि खाली हिरवट पाण्याच्या कडेला, प्लास्टिकच्या पिशव्या आणि झेंडूच्या निर्माल्यात, एक चांगली दहा फुटी मगर तोंड उघडं टाकून ऊन खात पडली होती. मी अर्धा तास कठड्याला चिकटून होते. तेवढ्या वेळात माझ्याशिवाय एकाही माणसाने खाली पाहिलं नाही.

"पावसाळ्यात पाणी चढलं की सोसायटीत पण येतात," विलास म्हणाला. "गेल्या वेळी आमच्या मागच्या गल्लीत आली होती. फोन केला, पकडणारे आले, घेऊन गेले."

"भीती नाही वाटत?"

"आहे तिथे आहे. आपण छेडायचं नाही. आपण नाही छेडलं तर ती पण काही करत नाही."

तेवढ्यात पाण्यात आणखी एक डोकं दिसलं, मग नाहीसं झालं. नाहीसं झालेलं डोकं कुठे वर येतंय ते मी बघत राहिले, ते आलं नाही. विलास मात्र आकाशाकडे बघून, वारा कसा पडलेला आहे आणि परवा पतंग चढायचे कसे, याची कुरकुर करत होता. परत येताना तो जिना चढल्यासारखा एकेक पाऊल टाकत होता. गुडघे का, विचारलं. म्हणाला, हो, गुडघेच.

जेवून मला दिलेल्या मागच्या खोलीत आडवी झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच मला माझी प्रयोगशाळा आठवली. बेडकांच्या बरण्या, ओला ट्रे, खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड. का आठवली ते कळायला थोडा वेळ लागला. खोलीत फॉर्मालिनचा वास येत होता. फार नाही, नाकाच्या शेंड्याला टोचेल इतकाच. उठून बसले की जायचा, आडवी झाले की यायचा. पस्तीस वर्षं मी या वासात डबा खाल्ला आहे, माझं नाक यात चुकत नाही. पण निजायच्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर, दिवसाउजेडी तो वास यावा याचा मला अर्थ लावता येईना.

चहाच्या वेळी विचारलं. तिघांचेही कप एकदम थांबले. मग उज्ज्वला म्हणाली, "कसला वास? आम्हाला तर नाही येत."

विलास म्हणाला, "कारखान्यांचा असेल. वारा फिरला की येतो."

वारा पडलाय म्हणून सकाळभर कुरकुरणारा हाच माणूस. मृणाल कपात बघत राहिली.

भोगी

भोगीच्या दिवशी उज्ज्वलाने आपली भोगीची भाजी केली, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. भाजीत मात्र सुरती पापडी आणि रताळं घातलं होतं, म्हणजे अर्धी भाजी उंधियूकडे सरकलेली. चव उत्तम. जेवल्यावर ती शेजारी तीळ भाजायला गेली, विलास दोऱ्याला मांजा करून घ्यायला बाहेर गेला, आणि मी खोलीचं दार लावून वास शोधायला लागले. दुसऱ्याच्या घरात असं करू नये हे मला माहीत आहे.

पलंगाखाली नाही, खिडकीत नाही. दक्षिणेच्या भिंतीशी लोखंडी कपाट होतं. स्टुलावर चढले. कपाटावर बॅग होती आणि बॅगेच्या मागे लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर आत प्लास्टिकची फिरकीच्या झाकणाची बरणी. चिकटपट्टीवर पेनने लिहिलं होतं: विलासचं पूर्ण नाव, वय, उजवी मांडी, आणि ऑगस्टमधली एक तारीख.

आत पेरूएवढी गाठ होती. झाकण नीट बसलेलं नव्हतं. पाच महिन्यांत औषध उडून पातळी एक तृतीयांशाने खाली गेली होती आणि गाठीचा वरचा भाग उघडा पडून सुकला होता. मी बरणी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मांडीतली गाठ बहुतेक चरबीची असते, आणि चरबी पिवळी असते. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षं ठेवली तरी पिवळीच राहते, हे मी शेकडो मुलांना दाखवलं आहे. ही पिवळी नव्हती. ही पापलेटच्या तुकड्यासारखी राखट पांढरी होती. माझा भाऊ बाहेर दोरा घोटत होता आणि त्याच्या नावाची बरणी माझ्या हातात होती.

मी ती स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवली आणि सगळ्यांची वाट बघत बसले. उज्ज्वला आली, तिने बघितलं, तिळाचं ताट ओट्यावर ठेवलं.

"ताई, तिला इथे नका ठेवू," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे अन्न आहे."

घरात सगळे तिला 'ती' म्हणत. पाच महिने.

हकीकत अशी निघाली. श्रावणात एका छोट्या दवाखान्यात विलासच्या मांडीवरची गाठ काढली. विसेक मिनिटांचं काम. आधी सुईने तपासणी नाही, स्कॅन नाही. डॉक्टर म्हणाले, चरबीची वाटते, काळजी नको, आणि रिवाजाप्रमाणे गाठ बरणीत घालून नातेवाइकांच्या हातात दिली: लॅबमध्ये सवडीने तपासायला द्या. दवाखान्यातून लॅबपर्यंत गाठ पेशंटच्या माणसानेच न्यायची ही पद्धत आपल्याकडेही आहे. त्या संध्याकाळी लॅब बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या. मग गणपती आले.

"गणपतीत घरात असं काही उघडायचं नाही म्हणून थांबलो," उज्ज्वला सांगत होती. "मग पक्ष लागला. पक्षात तर नकोच. पछी नवरात्र, पछी दिवाळी. काळी चौदसला मी वडे तळून तिच्यावरून उतरवले आणि चार रस्त्यावर ठेवून आले, भोवती पाण्याचं कुंडाळं करून. इकडे घरातला ककळाट, म्हणजे कटकट, काढतात ना, तसं. म्हटलं जे असेल ते तिथेच राहू दे. मग लग्नसराई, आणि मग कमुर्ता बसली. आता पौष संपला की जाणारच होतो."

"पण का? कागदावर काय लिहून येणार ते दिवस बघून बदलतं का?"

"माझ्या आईची पक्षात उघडली होती, ताई. वाईट निघाली. दिवाळीला आई नव्हती." तिने पदराने टेबल पुसलं, जिथे काही सांडलेलं नव्हतं. "उघडली नाही तोवर ती काहीच नसते."

तोवर विलास आला होता. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि लेंगा वर केला. मांडीवर टाक्यांचा चांगला बरा झालेला व्रण होता आणि व्रणाच्या खाली, त्यालाच वर उचलून, दुसरी गाठ आली होती. बरणीतलीपेक्षा मोठी.

"दाबून बघ. दुखत नाही," तो म्हणाला, जणू मला धीर देत होता.

मी दाबली. कच्च्या बटाट्यासारखी घट्ट होती, हलत नव्हती. आणि मग मी उज्ज्वलावर जे तोंड सोडलं ते इथे सगळं लिहिणार नाही. शिकलेली बाई ना तू, म्हणाले. नवऱ्याच्या अंगातला तुकडा कपाटावर ठेवून खाली पाहुणे झोपवतेस, म्हणाले. त्याला काही झालं तर ते तुझ्या या दोन कॅलेंडरांनी झालं असं मी सगळ्यांना सांगेन, असंही म्हणाले. ती ओट्याशी उभी राहून ऐकत होती आणि एका शब्दाने उलट बोलली नाही. विलास म्हणाला, "बस झालं ना, ताई."

उत्तराण

उत्तराणीला, म्हणजे संक्रांतीला, लॅब बंद असणार हे मृणालने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. कुठली तरी एक उघडी असेल, म्हटलं, मोठं शहर आहे. मेडिकलमधून फॉर्मालिन काही मिळालं नाही. बरणीचं झाकण घट्ट केलं, ती दोन पिशव्यांत घातली आणि मांडीवर घेऊन मृणालच्या मागे बसले.

त्या सकाळचं बडोदं मी विसरणार नाही. रस्त्यावर माणूस नव्हता. घरांची दारं सताड उघडी, आत पंखे फिरतायत, ओसरीवर चपला, आणि खाली कोणी नाही. सगळं शहर धाब्यांवर गेलं होतं. गाणी वरून, आरडाओरडा वरून, "काप्यो छे"ची आरोळी वरून, आणि आम्ही दोघी रिकाम्या गल्ल्यांतून चाललेल्या. आकाश ठिपक्यांनी भरलं होतं. कापलेले पतंग अधूनमधून अगदी सावकाश खाली येत आणि रस्त्यावर आडवे होत, त्यांना उचलायलाही कोणी येत नव्हतं. तारांवर, झाडांवर दोरेच दोरे लोंबत होते, वाऱ्याबरोबर हलणारे. वारा आज आला होता.

रावपुऱ्याच्या अलीकडे तो दोरा आला. मला दिसलाच नाही. सळईवर खर्रकन आवाज झाला, मृणालने ब्रेक दाबला, आणि दोरा सळईवरून सरकत वर जाऊन, मृणालच्या डोक्यावरून घसरून माझ्या रुमालाला लागला. गुलाबी होता, केसाएवढा. रुमालाचा एक वेढा कापला गेला. माझे दोन्ही हात बरणीवर होते आणि ते मी तिथून काढले नाहीत.

तीन लॅब पाहिल्या. तिन्हींना कुलूप. तिसरीच्या शटरवर कागद होता: उत्तरायण निमित्ते बे दिवस बंध. मृणालने वाचून दाखवला, मला तो वाचता येत होता तरी. ती शाळेत संगणक शिकवते, शांत मुलगी आहे. पायरीवर बसून म्हणाली, "आत्या, मी ऑगस्टमध्येच घेऊन जाऊ शकले असते. स्कूटर तर माझ्याकडेच होती. मी रोज त्या कपाटासमोरून तयार होऊन जायची." मग ती रडली, आणि वर कोणीतरी थाळ्या वाजवत होतं.

घरी परतलो तर उज्ज्वला फाटकात उभी. बाहेर गेलेली ती परत आत नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. हात जोडून म्हणाली. कालच्या माझ्या बोलण्यानंतर तिने एवढं मागितलं म्हणून मी वाद घातला नाही. बरणी स्कूटरच्या डिकीत राहिली, दोन दिवस.

वासी उत्तराणीला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या उत्तराणीला, सगळ्यांबरोबर मी धाब्यावर गेले. उंधियू, जलेबी, ऊस, बोरं. आपल्याकडे तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलायला सांगतात, इथे गोड खातात आणि शेजाऱ्याचा पतंग कापून त्याच्या नावाने शिट्ट्या मारतात, हे मला जास्त प्रामाणिक वाटलं. विलास खुर्चीवर बसून पतंग उडवत होता, फिरकी मृणालकडे. त्याने सात पतंग कापले. मध्येच कठड्यावरून खाली सोसायटीच्या आवारात बघून म्हणाला, "स्कूटर सावलीत घ्यायला पाहिजे होती. तिला ऊन लागत असेल." शेजारच्या धाब्यावरच्या बाईंना वाटलं तो स्कूटरबद्दल बोलतोय. त्या हसल्या. आम्ही चौघंही हसलो.

रावपुरा

सोळा तारखेला लॅबमधल्या म्हाताऱ्या माणसाने बरणी उघडली, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बेन, आ तो उपरथी सुकाई गयुं छे." वरून सुकलंय. खालच्या भागातून काही कळतं का बघू, म्हणाला, आठ दिवस लागतील. त्याने चिकटपट्टीवरची तारीख दोनदा वाचली आणि काहीही विचारलं नाही. तेवढ्यात मी विलासला दुसऱ्या, मोठ्या कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर लावून घेतला. मांडीचं आणि छातीचं स्कॅन झालं, नव्या गाठीतून सुईने तुकडा घेतला. मी शेजारणीला फोन करून कुंड्यांचं सांगितलं.

त्या आठ दिवसांत आम्ही फार खाल्लं. काळजीत माणसं जेवत नाहीत असं म्हणतात, आम्ही उलट होतो. रोज सकाळी विलास मला सेव-उसळ खायला न्यायचा. आपल्या मिसळीची ही बहीण, पण पाव बुडवायचा रस्सा इथे वेगळा येतो आणि कांद्याची पात वरून हात सैल सोडून घालतात. विलास घाम पुसत खायचा, दुसरी प्लेट मागायचा, वजनही कमी झालेलं नव्हतं. चांगला दिसत होता. मला त्याच्याकडे बघवत नसे ते त्यामुळेच. हा माणूस आतून कुठपर्यंत गेला आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर, भुकेत, झोपेत कशातच दिसत नव्हतं.

रिपोर्ट आल्याचा फोन आला त्या सकाळी उज्ज्वला दोन्ही कॅलेंडरांसमोर उभी राहिली. बोट फिरवलं. मग पर्स खांद्याला लावली.

"आज दोन्हीकडे वाईट आहे," ती म्हणाली. "चला."

डॉक्टरांच्या खोलीत

डॉक्टर चाळिशीच्या बाई, गुजराती, पण बडोद्यात वाढलेल्या, त्यामुळे मराठी घरच्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, स्कॅन पडद्यावर लावलं आणि विलासकडे बघूनच बोलल्या, आमच्याकडे नाही. हे मला आवडलं. चरबीची गाठ नव्हती. सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागातला कॅन्सर, आणि वेगाने वाढणाऱ्या जातीचा. हा बहुतेक वेळा दुखत नाही, त्या म्हणाल्या, म्हणून तर लोक थांबतात. मग त्यांनी छातीचं स्कॅन एकेक पान उलटावं तसं वरून खाली सरकवलं. काळी फुप्फुसं, आणि त्यांत पांढरे गोल ठिपके येत, मोठे होत, नाहीसे होत. उजवीकडे, डावीकडे.

"मांडीतून इथे येतो हा. मांडीतच असता तर आपण पाय वाचवून काढून टाकला असता आणि बरं होण्याची आशा चांगली होती. आता आधी औषधं. सलाइनमधून. ठिपके किती ऐकतात ते बघू, मग पायाचं. मी खोटं सांगणार नाही, काका, आता आपण तो थोपवायला बघतोय."

विलासने मान हलवली. "समजलं," म्हणाला. उज्ज्वलाने त्याच्या बाहीचं टोक धरलं होतं.

डॉक्टरांना फाइलमध्ये क्रम लिहायचा होता. गाठ कधी काढली, परत कधी दिसली. उज्ज्वलाने सणांवरून सगळ्या तारखा बिनचूक सांगितल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, काढायच्या आधी किती दिवस होती? आणि तेव्हाचा काही फोटो आहे का, म्हणजे वाढीचा वेग कळेल. विलास म्हणाला, जुना फोन बिघडला, त्यातलं सगळं गेलं.

"आत्याकडे असेल ना," मृणाल म्हणाली. उज्ज्वलाने तिच्याकडे पाहिलं, पण ती बोलून गेली होती. "बाबा, तुम्ही आत्याला पाठवला होता. आदल्या वर्षीच्या गणपतीत."

मला आठवत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. विज्ञान शिकवलं या एका गुन्ह्यासाठी नातेवाईक मला काय वाटेल ते पाठवतात: पुरळ, रक्ताचे रिपोर्ट, भिंतीवरचे किडे, मश्रूम खाऊ का. मी भाजी निवडता निवडता उत्तरं देते. मी फोन काढला, विलासचं नाव उघडलं आणि वर वर सरकवत गेले. दिवाळीच्या शुभेच्छा, मृणालचा वाढदिवस, आंब्यांच्या पेट्या, होळी, पुन्हा दिवाळी. त्याच्याही वर गणपतीचा फोटो आणि त्या फोटोच्या वर मांडी. गाठीशेजारी मापाला त्याने एक लिंबू धरलं होतं. गाठ लिंबापेक्षा लहान होती. खाली त्याने लिहिलं होतं: ताई, हे काय असेल? डॉक्टरला दाखवू का?

आणि त्याच्या खाली, दोन मिनिटांनी, मी. चरबीची दिसते. दुखत नाही ना? मग कशाला चिरफाड करून घेतोस. पुढे हसणारा चेहरा.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला, लिंबू बघितलं, तारीख बघितली. खालचं वाचलं की नाही ते मला कळलं नाही. वाचलंच असणार. "सोळा महिने," त्या म्हणाल्या आणि फाइलमध्ये लिहिलं.

बाहेर बाकावर विलास आणि मी बसलो. उज्ज्वला आणि मृणाल औषधांच्या खिडकीशी रांगेत होत्या. भोगीच्या दिवशी मी उज्ज्वलाला जे जे बोलले ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि ते सगळं ऐकून घेताना तिला माझं हे उत्तर माहीत होतं. मी फोन अजून उघडाच धरला होता. विलासने तो माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला.

"मीच सांगून ठेवलं होतं दोघींना, ताईसमोर हे काढायचं नाही म्हणून," तो म्हणाला. "तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. त्या वेळी मी घाबरलो होतो. तू तसं लिहिलंस म्हणून तर मला वर्षभर शांत झोप लागली."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.